फुटक्या काचेचे मोल



डिसेंबरमधल्या दिल्ली सहलीत तुमच्यापैकी एकाने मला एक प्रश्न विचारला होता. मी त्याचे उत्तर दिले, पण ते उत्तर नव्हते, वेळ मारून नेणे होते. इतिहासाच्या मास्तराला हे शोभत नाही. म्हणून हा लेख.

त्या दिवशी सकाळी आपण राष्ट्रीय युद्ध स्मारकावर गेलो. धुके इतके होते की इंडिया गेट जवळ जाईपर्यंत दिसले नाही. दुपारी जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आलो. हडप्पा दालनात तुम्ही नर्तिकेच्या छोट्या पुतळीभोवती गर्दी केलीत आणि प्रत्येकाने नाक शोकेसला टेकवले. उस्ताद मागून ओरडत होते, "काच सोडा! काचेला हात नाही लावायचा!" सातवीतला एक जण माझ्याकडे वळला. "सर, आपण सगळं काचेतून बघतोय. पण काच पहिल्यांदा कोणी केली?"

तो प्रश्न सोपा होता. अवघड प्रश्न पुढे आला.

लहान मुलांवर लक्ष ठेवायला बारावीचा एक सीनियर आपल्याबरोबर होता. त्याची परवानगी घेऊन लिहितो आहे. नाव लिहीत नाही. एनडीएची एप्रिलची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता. मुलाखतीला गेला, पाचही दिवस टिकला, आणि शेवटी वाचलेल्या क्रमांकांत त्याचा क्रमांक नव्हता. परत आल्यापासून तो कामात चोख होता, पण बोलणे कमी झाले होते. खापरांचे तुकडे जोडून उभ्या केलेल्या एका रांजणासमोर तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "सर, एकदा फुटलेलं इतकं जपून का ठेवतात?"

मी म्हणालो, "अरे, त्यात इतिहास असतो."

तो "येस सर" म्हणाला आणि पुढे गेला. 'येस सर'चे किती प्रकार असतात ते पंचवीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला कळते. हा 'येस सर' पटलेला नव्हता.

आता दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो. पहिल्याचे उत्तर नीट कळले की दुसऱ्याचे आपोआप मिळते.

वाळू, सोडा आणि आग

काच म्हणजे मुळात वितळवलेली वाळू. पण शुद्ध वाळू वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि इतकी आग जुन्या काळच्या कोणत्याच भट्टीत नव्हती. त्यावर तोड निघाली ती सोड्याची. वाळूत सोडा मिसळला की ती हजार-अकराशे अंशांतच वितळू लागते. मात्र नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते. तिला टिकाऊ करायला चुना लागतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो हे काम करतो. वाळू, सोडा, चुना: आजची खिडकीची काचही मुख्यतः याच तीन वस्तूंची असते.

आपल्या हडप्पाच्या कारागिरांनी गारेच्या पुडीपासून झिलईदार बांगड्या आणि मणी केले होते. त्याला फेयान्स म्हणतात. ती काचेची चुलत बहीण, काच नव्हे. खरी काच मेसोपोटेमिया आणि इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वी चांगली रुळली होती, पण ती बहुधा रंगीत, अपारदर्शक आणि राजेरजवाड्यांपुरती होती. ज्यातून आरपार दिसते असे काचेचे भांडे साध्या माणसाच्या घरात नेले ते रोमन जगाने.

हे घडले एका साध्या नळीमुळे. इ.स.पूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, सीरिया-पॅलेस्टाइन भागात, कारागिरांना कळले की वितळलेला काचेचा गोळा नळीच्या टोकाला घेऊन फुंकला तर तो फुगतो. तोपर्यंत एकेक वाटी साच्यावर घडवून घासावी लागे. आता काही मिनिटांत पेला तयार होऊ लागला.

काच कशी सापडली याची एक गोष्ट रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली आहे. सोड्याचे व्यापारी बेलस नदीच्या मुखाशी वाळूवर उतरले, चुलीला दगड मिळेनात म्हणून त्यांनी सोड्याची ढेपे लावली, आणि आगीत वाळू व सोडा एक होऊन काच वाहू लागली. गोष्ट छान आहे, पण स्वयंपाकाच्या उघड्या चुलीत तेवढी उष्णता होत नाही. मात्र जागा बरोबर आहे: त्या नदीची वाळू काचेसाठी खरोखरच नावाजलेली होती. हा प्लिनी मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख होता आणि इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात लोकांना वाचवायला जहाजे घेऊन गेला असता मरण पावला. त्याने भारताविषयीही लिहिले आहे: भारतातली काच स्फटिकाच्या तुकड्यांची असते, म्हणून तिला तोड नाही, असे त्याच्या कानावर आले होते. ती ऐकीव माहिती होती, पण आपल्या काचेचे नाव तिथवर पोचले होते एवढे तिच्यावरून कळते.

तेरा दिनार आणि चोवीस दिनार

उत्तररोमन काळात, म्हणजे चौथ्या शतकापासून, काचेचा धंदा दोन टप्प्यांत चाले. पॅलेस्टाइनच्या आणि इजिप्तच्या मोठ्या भट्ट्यांत कच्ची काच तयार होई. तिच्या लाद्या फोडून ढेकळे जहाजांवर चढत आणि दूरदूरच्या गावी जात. तिथले कारागीर ती पुन्हा वितळवून पेले, बाटल्या, दिवे करत.

या धंद्याचे दरपत्रकही आपल्याकडे आहे. सम्राट डायोक्लेशियन हा शिपाईगडी. महागाई आटोक्यात आणायला त्याने इ.स. ३०१ मध्ये शेकडो वस्तूंचे कमाल दर ठरवून दगडांवर कोरवले. त्यात अलेक्झांड्रियाची कच्ची काच पौंडाला २४ दिनार, ज्यूडियाची हिरवट काच १३ दिनार. अलेक्झांड्रियाचे साधे पेले ३० दिनार, ज्यूडियाचे २०. रोमन पौंड आपल्या सव्वातीनशे ग्रॅमांच्या आसपास. शेतमजुराची मजुरी त्याच यादीत जेवणासह दिवसाला २५ दिनार आहे. गणित करून पाहा: शंभर ग्रॅमचा हिरवट पेला धरला, तर एका दिवसाच्या मजुरीत तसे तीन-चार पेले येतात. आणखी एक गोष्ट बघा. कच्च्या काचेचा पेला झाला की दर फक्त सहा-सात दिनारांनी वाढतो. खरे मोल काचेचेच होते, आकाराचे थोडे. म्हणजे पेला फुटला तरी त्याची बहुतेक किंमत शाबूत राही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काच हिरवट का? वाळूत लोह असते म्हणून. भट्टीत मँगनीज घातले की तो रंग फिका होतो. चौथ्या शतकात इजिप्तमधली एक नवी काच भूमध्य समुद्राच्या काठी सगळीकडे पसरली; तिच्या वाळूत लोह आणि टायटॅनियम जास्त, म्हणून ती पिवळट हिरवी दिसते. पेले, बाटल्या, सुरम्याच्या जोडनळ्या, तेलाचे टांगते दिवे असा रोजचा संसार या काचेचा होता. पुढे बायझंटाइन काळात चर्चच्या छतांपासून अशा दिव्यांची झुंबरे लटकू लागली.

सगळेच काम साधे नव्हते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक चषक आहे, लायकर्गसचा चषक. समोरून उजेड पडला तर तो हिरवा दिसतो, मागून पडला तर लाल. काचेत सोन्याचे आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत, त्यांचा हा परिणाम.

कल्याण, पैठण, तेर

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? बराच आहे.

पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक माणसाने तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या जहाजांसाठी मार्गदर्शिका लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. कोणत्या बंदरात काय खपते याची त्यात यादी आहे. सिंधूच्या मुखाशी बार्बरिकॉन बंदरात काचेची भांडी उतरत. भडोच आणि केरळातल्या मुझिरिस बंदरांत मात्र कच्ची काच उतरे. म्हणजे आपल्या कारागिरांना ढेकळे हवी होती. घडवायचे ते स्वतः घडवत. याच पुस्तकात पैठण आणि तेर ही आपली दोन गावे आहेत. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. माल गाड्यांतून अवघड रस्त्याने येतो, असे तो लिहितो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आज लामतुरे संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. काचेचे मणीही तिथे आहेत.

रोमची जागा कॉन्स्टँटिनोपलने घेतली तरी ही वाट बंद पडली नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने भारताच्या मोठ्या बंदरांत 'कल्लियाना'चे नाव घेतले आहे. हे आपले कल्याण. ज्या पालकांना रोज सकाळी कल्याण स्टेशनात उभे राहायला जागा मिळत नाही त्यांनी लक्षात घ्यावे: ही गर्दी दीड हजार वर्षांपूर्वीपासूनची आहे.

आता एका फौजी माणसाची ओळख करून देतो. ब्रिगेडियर मॉर्टिमर व्हीलर. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढून मिलिटरी क्रॉस मिळवला, दुसऱ्यात आठव्या सैन्याबरोबर उत्तर आफ्रिकेत होते. १९४४ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. मद्रासच्या संग्रहालयातल्या एका कपाटात त्यांना मातीच्या कुंभाचा तुटका भाग दिसला. तो पुदुच्चेरीजवळून आला होता. व्हीलरांनी ओळखले की हा भूमध्य समुद्राकडचा मद्यकुंभ आहे. १९४५ मध्ये त्यांनी अरिकामेडू खणले आणि रोमन खापरे, रोमन काचभांड्यांचे तुकडे आणि मण्यांचे कारखाने उजेडात आले. एवढे सगळे सापडले ते एका फुटक्या तुकड्यावरून.

त्याच सुमारास कोल्हापुरात, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर गं. दीक्षित खणत होते. दीक्षितांनी पुढे देशभरातले काचेचे मणी, बांगड्या आणि भांड्यांचे तुकडे अभ्यासून भारतीय काचेचा इतिहास लिहिला; मुंबई विद्यापीठाने तो १९६९ मध्ये छापला. या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला आजही ते पुस्तक उघडावे लागते.

तुकड्याची ओळखपरेड

इथे एक शंका तुमच्या मनात यायला हवी. तुकड्यावर नाव नाही, गाव नाही. मग तो रोमन की देशी, हे कसे ओळखायचे?

सोड्यावरून. रोमन भट्ट्यांतला सोडा इजिप्तच्या वाडी नत्रून खोऱ्यातल्या खाऱ्या तळ्यांतून येई. तो खनिज सोडा बराच शुद्ध; त्याच्या काचेत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांची ऑक्साइडे प्रत्येकी साधारण दीड टक्क्याच्या आत राहतात. इराण-इराककडे वनस्पतींची राख वापरत. तिथल्या काचेत ही दोन्ही जास्त. आपल्या उत्तर भारतात तिसराच मार्ग होता. गंगा-यमुनेच्या मैदानात उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा खार फुटतो, त्याला रेह म्हणतात. शेतकऱ्याला तो शाप, काचवाल्याला वरदान. रेहमध्ये सोडा आणि वाळू एकत्रच मिळतात. पण मातीमुळे ॲल्युमिना वाढते, पाच टक्क्यांच्याही पुढे जाते. उत्तर प्रदेशात संत कबीर नगर जिल्ह्यातल्या कोपिया या गावी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी असे प्राचीन काचकेंद्र खणले आहे.

आज क्ष-किरणांचे हातात मावणारे यंत्र तुकड्यावर रोखले की त्यातली बरीच मूलद्रव्ये मिनिटभरात पडद्यावर येतात. तुकडा कितीही लहान असो, त्याचा घटकक्रम बदलत नाही. अख्खा पेला फार तर आपला आकार सांगेल. त्याची वाळू आणि सोडा कुठला, हे सांगायला नखाएवढा तुकडाही पुरतो.

आणि अख्खे पेले आपल्याकडे इतके कमी का? भूमध्य प्रदेशात ते बहुतेक थडग्यांत सुरक्षित राहिले. आपल्याकडे दहनाची चाल मोठी, तेव्हा भांडी पुरली जाण्याचा प्रश्न कमी. दुसरे कारण मला पालमच्या एका गोदामात सापडले.

पालमचे गोदाम

सहलीच्या शेवटच्या सकाळी मी दिल्ली छावणीतल्या आपल्या मुक्कामापासून पालमच्या बाजूला फिरायला गेलो. तो सीनियर बरोबर होता. एका भंगार गोदामाच्या अंगणात बाटल्यांचे तीन ढीग होते: पांढरा, हिरवा, तपकिरी. दोन बाया गोणीतून बाटली काढून रंग बघत आणि त्या त्या ढिगावर टाकत. खळ्ळकन आवाज होई. फुटण्याची कोणालाच फिकीर नव्हती. मी मालकाला विचारले, माल कुठे जातो. तो म्हणाला, "फिरोजाबाद, साब. भट्ठी में." फुटलेल्याला भाव कमी मिळतो का? तो हसला. "गलाना ही तो है, साब."

वितळवायचेच तर आहे. एका वाक्यात त्याने मला आख्खे प्रकरण शिकवले.

रोममध्येही असेच होते. पहिल्या शतकातल्या मार्शल या कवीने गंधकाच्या काड्या देऊन फुटकी काच घेणाऱ्या फेरीवाल्यांचा उल्लेख केला आहे. इटलीत ग्रादोजवळ समुद्रात 'यूलिया फेलिक्स' नावाने ओळखले जाणारे रोमन जहाज सापडले. त्यावर फुटक्या काचेने भरलेले एक पिंप होते, अकरा हजारांहून जास्त तुकडे, सुमारे १४० किलो. तो कचरा नव्हता, भाडे भरून नेला जाणारा माल होता. आपल्याकडेही रोमन पेला फुटला की काचवाल्याने त्याचे मणी आणि बांगड्या केल्या असणार. अख्खे पेले कमी सापडतात याचे हे एक कारण: काही पेले मण्यांच्या रूपात आपल्याच संग्रहालयांत असतील.

फुटकी काच हवीशी का? कारण ती एकदा आगीतून गेलेली असते. वाळूपासून काच व्हायला जी उष्णता लागते ती तिने आधीच सोसलेली असते. भट्टीत ती नव्या मालाआधी वितळते आणि वाळूच्या कणांना वेढून त्यांनाही लवकर वितळायला लावते. आजच्या कारखान्यांचा हिशेब असा की मालात दहा टक्के फुटकी काच घातली की साधारण अडीच ते तीन टक्के इंधन वाचते. म्हणजे ती नव्या काचेच्या उपयोगी पडते.

फसलेल्या मालाचेही एक उदाहरण सांगतो. इस्रायलमध्ये बेत शआरीम येथे एका गुहेत काचेची सुमारे नऊ टनांची लादी पडून आहे, साधारण नवव्या शतकातली. चुन्याचे प्रमाण जास्त झाल्याने भट्टी बिघडली, काच निकामी झाली आणि कारागीर ती टाकून निघून गेले. चांगल्या निघालेल्या लाद्या फोडून विकल्या गेल्या. ही फसलेली लादी जागेवर राहिली, म्हणून एका वेळी किती काच शिजवत आणि भट्टी केवढी असे ते आपल्याला कळले.

गोदामातून परतताना तो सीनियर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सर, फुटलेलं जपून ठेवतात ते दया म्हणून नाही."

"नाही," मी म्हणालो. "त्याचा उपयोग असतो म्हणून."

या वेळी तो 'येस सर' म्हणाला नाही. त्याने विचारले, "आणि सर, नऊ टन फुकट गेल्यावर त्यांनी पुन्हा भट्टी लावली असेल?"

मी म्हणालो, "धंदा बंद पडला नाही, एवढं नक्की."

सप्टेंबरची लेखी परीक्षा त्याने दिली होती. तीही उत्तीर्ण झाला आहे. पुन्हा पाच दिवसांसाठी तो जाणार आहे. हा अंक छापायला जाईपर्यंत त्याचा निकाल लागलेला नाही. मधल्या सुट्टीत मात्र तो अकरावीच्या मुलांचा सराव घेतो. पहिल्या दिवशी काय होते, चित्र पाहून गोष्ट कशी लिहायची, गटकामात कुठे चुकायला होते, हे तो त्यांना सांगतो. स्वतः कुठे चुकला तेही सांगतो. परवा मी व्हरांड्यातून जाताना थांबून ऐकले. मुले वह्या काढून लिहून घेत होती.

पुढच्या सहलीला जाल तेव्हा संग्रहालयात शोकेसला नाक लावू नका, उस्ताद रागावतात. पण आतली वस्तू पाहून झाली की एकदा त्या काचेकडेही पाहा. आणि कोपऱ्यातला लेबल पुसट झालेला तुकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.